एकाच मालकाची, जपून वापरलेली

थोरल्याचं वागणं माणसांत घेण्यासारखं राहिलं नव्हतं. पन्नाशी गाठलेला गडी, दोन्ही लेकी कमवायला लागलेल्या, डोक्यावरचं रान केव्हाच ओसाड पडलेलं, आणि हा रोज सकाळी स्वतःचं तोंड धुवायच्या आधी गाडीचं तोंड धुवायचा. तेही साध्या फडक्याने नाही. गिऱ्हाइकांच्या रेशमी कपड्यांसाठी दुकानात जे मऊ फडकं आणलं होतं, ते त्याने गाडीसाठी वेगळं काढून ठेवलं होतं. आईने आपला चष्मा मात्र बाहीलाच पुसायचा.

हे सगळं मालकीणबाईंना, म्हणजे त्याच्या आईला, वरून नुसतं ऐकू यायचं. बघायची सोय नव्हती. खाली धुलाईचं दुकान, दुकानामागे मोठी खोली, त्यावर दोन मजले, आणि सगळ्यांत वर, कबुतरांच्या शेजाराला, मालकीणबाई. नवऱ्याच्या मागे हे दुकान त्यांनी एकटीने ओढलं होतं. वाफेच्या यंत्रापासून तक्रारखोर गिऱ्हाइकापर्यंत सगळे त्यांना वचकून असायचे. वचकले नाहीत ते फक्त गुडघे. एके दिवशी दोघांनी मिळून दगा दिला आणि डॉक्टरांनी जिना बंद करून टाकला. “खाली एखादी खोली असेल तर तिथे राहा, म्हणजे चालणं-फिरणं सुटणार नाही,” असं ते जाता जाता बोलून गेले.

खोली होती की! दुकानामागची, मोठ्या खिडकीची, गुळगुळीत फरशीची. कपड्यांची गाठोडी उतरवायला तिला गल्लीच्या अंगाने रुंद दरवाजाही होता. पूर्वी तिथे मालकीणबाईंचं रफूचं टेबल असायचं. आता तिथे गाडी राहत होती.

गाडी दोन दारांची, लांब नाकाची, पोट जमिनीला टेकलेली. तिच्या तरुणपणी म्हणे बड्या घरची पोरं असल्या गाड्या उडवायची. थोरल्याने घेतली तोवर ती पोरंही म्हातारी झाली होती आणि गाडीही. आत बसायचं तर आधी कंबर मोडायची, मग मान घालायची, मग एकेक पाय ओढून घ्यायचा. “गाडी घेतलीस का विहीर?” असं मालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. त्यावर थोरल्याने जी मान फिरवली ती अजून सरळ केली नव्हती.

गाडी सुरू व्हायची, धूर सोडायची, आणि गल्लीच्या कोपऱ्यावर जाऊन मान टाकायची. कसलासा एक भाग बदलायला हवा होता. तो परदेशातून यायचा होता, आणि तिकडे तो बनवणारा कारखानाच बंद पडला होता. त्यामुळे थोरला तिच्यात नुसता बसायचा. रविवारी न्याहारी झाली की आत शिरायचा, दार ओढून घ्यायचा आणि दोन्ही हातांनी चाक धरून समोर बघत राहायचा. समोर वाफेचा पाइप होता.

संध्याकाळी तो चहा घेऊन आईकडे वर यायचा. आईची विचारपूस एका वाक्यात उरकायचा आणि फोन काढायचा.

“आई, ऐक. अख्ख्या बाजारात आपल्यासारख्या दोनच गाड्या विकायला आहेत. मागे पाच होत्या.”

“बाकीच्या तीन वारल्या का?”

“अगं, लोक सोडत नाहीत. मिळतच नाही ही गाडी. मिळत नाही म्हणून तर तिला मोल आहे.”

“माझे पुढचे दोन दातही आता कुठे मिळत नाहीत. त्यांना काय मोल येतं तेवढं विचार.”

“तुला नाही कळायचं. हे बघ, काय लिहिलंय. ‘एकाच मालकाची. जपून वापरलेली. फार फिरलेली नाही. सदैव आतल्या खोलीत ठेवलेली.’”

“मीही एकाच मालकाची,” मालकीणबाई म्हणाल्या. “जपून वापरली असं काही म्हणणार नाही, तुझ्या बापाच्या हाताला ते वळण नव्हतं. पण फिरवली त्याने कुठ्ठेच नाही. मग मला का रे नाही आतल्या खोलीत ठेवत?”

थोरला खो खो हसला. आईच्या बोलण्यातलं हसण्यासारखं तेवढं तो उचलायचा आणि बाकीचं बशीत तसंच टाकून खाली जायचा.

‘मला खाली ने,’ असं सरळ म्हटलं असतं तर काम झालं असतं कदाचित. पण ज्या जिभेने जन्मभर हुकूम सोडले, ती विनवणीला वळत नव्हती. मग मालकीणबाई जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसायच्या आणि वरूनच दुकान चालवायच्या. “कॉलर नीट बघा!” “पांढऱ्यात लाल कोणी टाकलं?” खालून इस्त्रीवाला इमानाने “होय, मालकीणबाई” म्हणायचा आणि आपल्याला हवं तेच करायचा. आवाज खालपर्यंत पोचायचा, धाक मात्र मधल्या मजल्यावरच उतरून जायचा. दुकानात बसते ती मालकीण आणि वरून ओरडते ती नुसती म्हातारी, हा फरक त्यांना कळत होता. अख्खा हिवाळा त्या खुर्चीवर बसून त्यांनी स्वतःला मालकिणीची म्हातारी होताना पाहिलं.

तिढा सुटला तो वकीलबाईंच्या कोटामुळे. या बाई दुकानाच्या जुन्या गिऱ्हाईक. एके दिवशी त्या काळा कोट काठीला मेलेला साप लटकवावा तसा दोन बोटांत धरून आल्या.

“तुम्ही हल्ली कपडे पेट्रोलात भिजवता का हो? काल कोर्टात मी तोंड उघडलं की न्यायाधीश खिडकी उघडा म्हणायचे.”

धुतलेले कपडे वाळत टाकायचे ते गाडीच्या खोलीच्या भिंतीला लागूनच. थोरल्याने गाडी सुरू केली की धूर सगळा तिकडे जायचा. थोरल्याची बायको काउंटरवर होती. ती फार बोलणारी नव्हे. बोलायची तेव्हा मात्र घडी घालून, कडा जुळवून बोलायची. त्या दिवशी जेवताना ती म्हणाली, “एक तर गाडी जाईल नाहीतर गिऱ्हाइकं. गाडी जाईल. आणि खोली मोकळी झाली की आई खाली राहायला येतील.”

“हे कोणी ठरवलं?” थोरला म्हणाला.

“मी. भात घ्या.”

जिन्याच्या तोंडाशी बसलेल्या मालकीणबाईंना सगळं ऐकू आलं. सून आपल्या हाताखाली तयार झाली आहे, एवढंच त्या मनात म्हणाल्या. तोंडाने म्हटलं नाही. सुनेला चढून जाईल असं बोलायचं नाही, हा त्यांचा नियम होता.

थोरल्याने जाहिरात दिली आणि गर्दी आवरायला इस्त्रीवाल्याला दारात उभं केलं. आले दोघे. पहिला होणाऱ्या बायकोला घेऊन आला, गाडीला टेकून फोटो काढून घेतले आणि आभार मानून गेला. दुसरा आत बसला तो त्याला बाहेर येता येईना. सुनेने एक हात ओढला, इस्त्रीवाल्याने दुसरा. सुटल्यावर त्याने किंमतसुद्धा न विचारता रस्ता धरला. जी गाडी कुठे मिळत नव्हती, ती कोणाला नकोही होती. या दोन गोष्टींचं आपसात काही नातं असेल, हे काही थोरल्याच्या डोक्यात शिरलं नाही. “लोकांना पारख राहिली नाही,” तो म्हणाला.

शेवटी एक दलाल आला. गल्लीत त्याला चकचक्या म्हणायचे. बुटापासून दातापर्यंत त्याचं सगळंच चकाकायचं. गाडीभोवती फिरायला गेला तर फिरता येईना, कारण गाडीची डावी बाजू भिंतीला खेटून होती. वर्षानुवर्षं त्या बाजूला ना कोणाचा हात गेला होता ना नजर.

“साहेब,” चकचक्या उसासा टाकून म्हणाला, “माल राजा आहे, पण बाजार भिकारी आहे.” आणि भिकाऱ्याला शोभेल एवढं थोरल्याच्या हातावर टेकवून तो गाडी न्यायला ट्रक घेऊन आला.

गाडी बाहेर निघाली तेव्हा थोरला आत जाऊन कपड्यांच्या ढिगामागे बसला. त्याला बघवेना. सुनेने मात्र गाडीतल्या पायपुसण्या काढल्या, मोठ्या यंत्रात धुतल्या, वाळवल्या आणि परत जागच्या जागी घातल्या. या दुकानातून मळकी वस्तू बाहेर जायची नाही, मग ती विकलेली का असेना.

खोली झाडली, रफूचं टेबल परत आलं, पलंग लागला. प्रश्न राहिला मालकीणबाईंना खाली आणायचा. इस्त्रीवाला म्हणाला, खुर्चीत बसवून उचलून आणू. मालकीणबाई म्हणाल्या, “मी कपाट आहे का?” आणि दुपारी सगळे जेवायला बसले असताना त्या एकट्याच निघाल्या. बसून, एकेक पायरी खाली सरकत, रांगती पोरं उतरतात तशा. मधल्या मजल्यावर इस्त्रीवाला पाणी प्यायला आला होता. त्याने त्यांना पाहिलं आणि चटकन भिंतीकडे तोंड करून खुंटीवर नसलेली टोपी शोधायला लागला. त्या पुढे सरकून जाईपर्यंत तो शोधतच होता. जेवून सगळे दुकानात आले तेव्हा मालकीणबाई काउंटरमागे खुर्चीत बसल्या होत्या आणि एका गिऱ्हाइकाला सांगत होत्या, “डाग आमचा नाही, तुमच्या रश्श्याचा आहे.”

मग काय विचारता! आठ दिवसांत दुकान सुतासारखं सरळ झालं. इस्त्रीवाला “होय” म्हणायचा आणि तेच करायचा. सकाळी पलंगावरून उठून, भिंतीला हात लावत त्या काउंटरपर्यंत जायच्या, आणि रोज थोडा हात कमी लावायच्या. दुपारी खिडकीतल्या उजेडात रफू करायच्या. गल्लीतल्या बायका खिडकीशी येऊन उभ्या राहायच्या. मालकीणबाईंना कळलं की आपण मरायला टेकलो नव्हतो, आपण नुसत्या वर होतो.

थोरल्याची मात्र अन्नावरची वासना उडाली. एकाच विजारीला दोन दोन घड्या पाडायचा. खोलीच्या दारात येऊन उगाच उभा राहायचा, आईकडे नव्हे, फरशीकडे बघत. गाडीच्या तेलाचा एक डाग तिथे राहिला होता, सुनेने घासायला घेतला तर म्हणाला, “असू दे.” आणि सदा फोन डोळ्यांसमोर. मग एके सकाळी पाहावं तर गडी शीळ घालतोय! दुपारी फळांची पिशवी घेऊन आईच्या पलंगाशी येऊन बसला.

“आई, वर हवा किती छान येते, नाही?”

मालकीणबाईंची सुई कापडातच थांबली. “काय हवंय?”

“काही नाही गं. थोडेच दिवस. मागे मी शेड घालणारच आहे, तोवर. एक गाडी मिळालीय.”

“परत?”

“परत कशी? ही वेगळी आहे. जात तीच, पण हिची ऐटच वेगळी! आपल्या गाडीचं नाक जरा बोजड होतं, हिचं बघ कसं निमुळतं आहे. अख्ख्या बाजारात एकच आहे आई. नशीब लागतं. उद्या येतेय.” त्याने फोन पुढे धरला. मोकळ्या माळावर, कलत्या उन्हात, नाक डावीकडे करून गाडी उभी होती. “आपली गाडी कधी अशी चमकली होती?”

मालकीणबाईंना सगळ्या विहिरी सारख्याच. त्या फोटोकडे बघत नव्हत्या, मुलाच्या तोंडाकडे बघत होत्या. या वयात एकदा वर गेलं की मग खाली येणं चौघांच्या खांद्यावरूनच, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ते त्याला ठाऊक आहे का, हे त्या शोधत होत्या. सापडलं नाही.

“बघू,” त्या म्हणाल्या.

थोरल्याने त्याचा अर्थ ‘हो’ असा घेतला. या आईच्या पोटी जन्म घेऊनही!

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात वकीलबाई कोट न्यायला आल्या होत्या आणि भांडत होत्या. “हा माझा नाही. माझा इतका काळा नव्हता.”

थोरला खुशीत होता. नवीन कपडे घालून काउंटरवर उभा होता. “बाई, तुमचाच आहे,” तो हसत म्हणाला. “आमच्या धंद्यात हे रोजचंच. माणूस मळलेला कोट ओळखतो, धुतलेला ओळखत नाही. आतली चिठ्ठी बघा, आमची खूण आहे.” इतक्यात गल्लीत ट्रकचा भोंगा वाजला आणि तो कोट वकीलबाईंच्या अंगावर टाकून धावला.

ट्रकवर ताडपत्रीखाली गाडी होती. “चालवत आणली नाही साहेब, रस्त्याची धूळ कशाला लावायची,” चकचक्या म्हणाला. नंबराची पाटी काढलेली होती. नवीन मालकाच्या नावाने येईल म्हणाला. गाडी उतरली, ताडपत्री निघाली. घराकडे तिची डावी बाजू होती.

“बघा!” थोरला बायकोला, इस्त्रीवाल्याला, सगळ्यांना म्हणाला. “हिचा बाकच बघा! आपल्या गाडीला हा बाक होता?”

 इस्त्रीवाल्याने आधी गाडीकडे पाहिलं, मग थोरल्याकडे, मग पुन्हा गाडीकडे. सुनेने दार उघडलं. हातात आलेली वस्तू उलटीपालटी करून बघायची ही धुलाईवाल्यांची सवय. खिसे तपासल्याशिवाय त्यांच्याच्याने राहवत नाही. तिने खाली वाकून पायपुसणी उचलली आणि उलटली. कोपऱ्याला कापडी चिठ्ठी टाचलेली होती. त्यावर तिच्याच हाताने, दुकानाच्या काळ्या शाईने लिहिलं होतं, ‘घरचे’. धुवायला जे पडेल त्याला खूण टाचायची, ही सवय. विकलेल्या गाडीच्या पायपुसण्यांनाही हात थांबला नव्हता.

तिने पायपुसणी घडी करून आत नेली आणि रफूच्या टेबलावर सासूबाईंच्या पुढ्यात ठेवली. मालकीणबाईंना अक्षरं फार येत नव्हती, पण हा एक शब्द येत होता. इस्त्रीवाल्याला बाहेर खोकल्याची उबळ आली ती थांबेना.

“त्या चकाकत्याला आत पाठव,” मालकीणबाई म्हणाल्या.

चकचक्या हात जोडून आला. “बोला आजी.”

“ही गाडी आधी कोणाची होती?”

“एका शौकीन माणसाची, आजी. जिवापाड जपलेली.” बोलता बोलता त्याला टेबलावरची पायपुसणी दिसली. गडी पक्का होता; दात होते तिथेच राहिले. “मी एक अक्षर खोटं बोललो नाही. साहेबांचा फोन आला, तशी दुसरी मिळेल का? मी म्हटलं, एक आहे. फोटो बघून साहेबच म्हणाले, आमच्या गाडीपेक्षा कितीतरी चांगली. गिऱ्हाइकाशी वाद घालू नये आजी. तुमच्याही धंद्यात तसंच असेल.”

तसंच होतं, म्हणून मालकीणबाईंना जास्त राग आला. “घेऊन जा ती परत.”

“आजी,” चकचक्याचा आवाज एकदम खरा झाला, “असली गाडी आता बाजारात घेतंय कोण? मला तर दुसरं गिऱ्हाईकच मिळालं नाही.” आणि कोणी काही म्हणायच्या आत तो ट्रक घेऊन पसारही झाला.

सुनेने पायपुसणी थोरल्याच्या हातात दिली. त्याने चिठ्ठी वाचली. मग तो हळूहळू गाडीला वळसा घालून उजव्या बाजूला गेला. तिथे दाराखाली ओरखडा होता, बादलीच्या कडीने पडलेला. रोज पुसताना त्यावरून तो फडकं जरा अलगद फिरवायचा. त्याने त्यावर बोट ठेवलं आणि तसाच उभा राहिला. वकीलबाई कोट हातात धरून दुकानातून मागे आल्या होत्या. त्यांनी मुकाट्याने कोटाच्या आतली चिठ्ठी बघितली आणि कोट अंगात घातला. खिडकीशी रोजच्या बायका जमल्या होत्या. कोणी हसलं नाही. सगळ्यांना वाटलं, आता हा माणूस आईपुढे येऊन काहीतरी बोलेल.

आला. खोलीच्या दारात उभा राहिला, ओशाळलेला. मालकीणबाईंना तो क्षणभर लहानपणीचा दिसला आणि त्या थोड्या सैल झाल्या.

“आई,” तो म्हणाला, “आता आलीच आहे, तर आत घेऊ का? उन्हात रंग जातो गं तिचा. तू फक्त चार दिवस वर...”

मालकीणबाई टेबलाला हात टेकून उठल्या. सुनेने हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला. फरशी ओलांडून, भिंतीला न धरता, त्या थेट त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. गल्ली ऐकत होती. ऐकू दे, त्यांनी ठरवलं.

“नीट ऐक, परत सांगायची नाही. ती गेली तर तुझ्या घशाखाली घास उतरेना. सगळे बाजार पालथे घालून तू तिला शोधून आणलीस, तीही न ओळखता. मी हिवाळाभर वर बसले होते. मला शोधायला तुला बाजारात जायचं नव्हतं, जिना चढायचा होता. चढलासही रोज, चहा घेऊन. पण माझ्याकडे कधी बघितलं नाहीस. मी जाणार नाही वर. चार दिवस नाही, चार घटका नाही. ही खोली माझी, आणि माझ्यामागे तुझ्या बायकोची. गाडीची नाही, हे सगळ्यांदेखत सांगतेय. ती राहील गल्लीत. ऊन लागेल तर लागू दे, रंग जाईल तर जाऊ दे, गंज चढेल तर चढू दे. माझ्या गुडघ्यांना चढला तेव्हा कोणी ताडपत्री घातली नव्हती.”